निळी चौकट

अण्णांच्या हातांना कंप सुटला त्याला बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला नुसती उजवी करंगळी हलायची, तेव्हा ते गमतीनं म्हणायचे, "सगळे निवृत्त झाले, ही एकटीच अजून कामावर जाते." पुढे हळूहळू आख्खा पंजा कामावर जायला लागला, मग दुसराही, आणि गंमत संपली. जन्मभर त्यांनी बांधकाम खात्यात नकाशे काढले होते. पूल, शाळा, पाण्याच्या टाक्या, सगळं शाईच्या रेघेत. आता चहाचा कप ते अर्धाच भरून मागत आणि बशी नको म्हणत, कारण बशीवर कप वाजायचा.

सूनबाईचं आणि त्यांचं पहिल्यापासून गूळपीठ. तीही एका अर्थी रेघोट्यांचीच माणूस. ती ज्या कंपनीत होती तिथे ऑनलाइन दुकानांचे साचे तयार व्हायचे. इंटरनेटवर दुकान थाटायचं म्हटलं की कुणी पायापासून बांधकाम करत बसत नाही. तयार साचा घ्यायचा, त्यात आपला माल मांडायचा, वर आपली पाटी लावायची. फडताळं कुठे, टोपली कुठे, पैसे भरायची खिडकी कुठे, हे सगळं साच्यानंच ठरवलेलं असतं. सूनबाईनं केलेल्या साच्याचं नाव होतं 'निर्मळ', आणि तो हातोहात खपत होता. तयार झाला तेव्हा तिनं तो अण्णांना दाखवला होता. चष्मा कपाळावरून नाकावर आणून ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "फापटपसारा नाही. स्वच्छ हात आहे तुझा." ऑफिसातल्या टाळ्यांपेक्षा तिला ते जास्त गोड वाटलं होतं.

एका रविवारी नणंद आणि तिचा नवरा जेवायला आले होते. जेवणं उरकली, सगळे बाहेरच्या खोलीत ऐसपैस बसले, आणि दाराची बेल वाजली. दोन माणसांनी मिळून एक अगडबंब खोकं आत आणून ठेवलं आणि सही घेऊन गेली.

"काय मागवलंस गं एवढं?" नणंदेनं विचारलं.

"मी कुठे काय," सूनबाई म्हणाली. नवऱ्यानंही खांदे उडवले. नणंदेला कुठलंही खोकं बंद बघवत नसे. तिनं सुरी आणून चिकटपट्टी कापली सुद्धा. आत एकावर एक पुडे, ठासून भरलेले. मोठ्या माणसांचे डायपर.

सूनबाईनं एक पुडा उचलला आणि त्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवलं. "'रात्रभर निर्धास्त.' चुकून आलंय आपल्याकडे. कुण्या आजोबांची बेगमी दिसतेय. बिचारे तिकडे पाय आवळून वाट बघत असतील."

सगळे खो खो हसले. नणंदेच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता तिच्या नवऱ्यानं खोकं फिरवलं, वरची पत्त्याची चिठ्ठी वाचली, आणि त्याचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं. त्याची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेली, आणि एकेक करून सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या.

अण्णा वर्तमानपत्र धरून बसले होते. कागद फडफडत होता.

"एक पुडा मागवला होता," ते म्हणाले. "एकच." मग वर्तमानपत्राची घडी घालायला लागले. ती काही केल्या नीट बसेना, तेव्हा तशीच खुर्चीवर टाकून ते आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

सूनबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. हातातला पुडा कुठे ठेवावा तेही तिला सुचेना.

पाहुणे लवकर निघाले. नवऱ्यानं खोकं उचलून गॅलरीत नेलं आणि त्यावर जुनी चादर टाकली, म्हणजे उलट सगळ्यात आधी तेच दिसायला लागलं. संध्याकाळी ती अण्णांच्या दारावर टकटक करून आत गेली. ते खिडकीशी बसले होते.

"अण्णा, मी वाटेल ते बोलून गेले. माझी जीभ झडली असती तर बरं."

"तुला काय माहीत होतं?" ते बाहेर बघतच म्हणाले. "तुझा काय दोष त्यात? मला वाटलं, आपलं आपण मागवावं. दुकानात जाऊन मागायचं तर काउंटरवरची पोरगी नातीच्या वयाची. तुम्हाला सांगायचं तर..." ते थांबले. "बटण दाबत होतो, दाबलं गेलं की नाही कळत नव्हतं. म्हणून परत दाबलं. परत परत दाबलं. पैसे भरताना बेरीज बघायचंही घाईत राहून गेलं. हात असे. कुणाला बोल लावायचा?"

"परत पाठवू आपण."

"असला माल परत घेत नाहीत. लिहिलंय तिथे. ते मात्र मोठ्या अक्षरात लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा फिरायला गेले असताना ती त्यांच्या लॅपटॉपपाशी बसली. दुकानदाराला गळ घालून तरी खोकं परत करावं, म्हणून तिला दुकानाचा फोन नंबर हवा होता. लॅपटॉपशेजारी मनगटाखाली घ्यायला घडी घातलेला नॅपकिन होता. माऊस बाजूला, त्याची वायर गुंडाळून ठेवलेली. माऊस त्यांच्या हातात ठरत नसे, म्हणून सगळं ते कीबोर्डवरच करत हे तिला ठाऊक होतं. जे बटण दाबलं की पडद्यावर एकेक पाऊल पुढे सरकता येतं, त्यावर त्यांनी बोट निसटू नये म्हणून जखमेच्या पट्टीचा तुकडा चिकटवला होता. मधोमध घासून तो काळा झाला होता.

तिनं ते दुकान उघडलं. आणि घरातलं माणूस परक्या गावात अचानक समोर यावं तसं झालं. वरची पाटी वेगळी, रंग वेगळा, पण फडताळं तिची होती. टोपली तिची होती. अक्षरांमधली ती हवेशीर मोकळी जागा तिनंच मोजूनमापून सोडलेली होती. हे 'निर्मळ' होतं.

मग माऊस दूर सारून तिनं पट्टी लावलेलं बटण दाबलं.

काहीच झालं नाही, म्हणजे काही झालेलं दिसलं नाही. परत दाबलं. आपण कुठे आहोत हे पडद्यावर कुठेच कळेना. कीबोर्डनं चालणाऱ्या माणसाला तो कुठल्या बटणावर उभा आहे ते दाखवायला भोवती एक निळी चौकट उमटते. ती आपोआपच येते, कुणाला घडवावी लागत नाही. सूनबाईनं ती मुद्दाम पुसून टाकली होती. एका दुकानदारानं विचारलं होतं, "हा निळा डाग कसला?" आणि तिलाही तो डागच वाटला होता. एका ओळीचं काम. चहा निवायच्या आत झालं होतं.

ती आंधळ्यासारखी चाचपडत पुढे गेली. मालाची यादी माऊस वर नेला की उलगडायची, कीबोर्डला दादच देईना. कशीबशी पुड्यापर्यंत पोचली. 'टोपलीत टाका' दाबलं तर वर कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा बदलला, बाकी सगळं जिथल्या तिथे. ना 'टाकलं' अशी खूण, ना काही. आणि या सगळ्यावर एक लाल घड्याळ धावत होतं: लवकर करा, नाहीतर टोपली रिकामी होईल. ते घड्याळही तिनंच बसवलं होतं. त्यामुळे लोक घाईनं खरेदी करतात, असं तिनं भर मीटिंगमध्ये आकड्यांनिशी पटवून दिलं होतं.

तिची टोपली खरंच रिकामी झाली. तिचे हात धडधाकट होते, साचा तिचाच होता, तरी झाली.

साचा तयार होत असताना तपासणी करणारा एक सहकारी तिला म्हणाला होता की माऊस न वापरणाऱ्यांचं इथे काही खरं नाही. तिनं त्याला उत्तर दिलं होतं, "अशी गिऱ्हाइकं किती असणार? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी." सगळे हसले होते, तोही हसला होता, आणि विषय मिटला होता. आता ते वाक्य तिच्या कानात असं वाजायला लागलं की तिनं लॅपटॉप मिटला तरी थांबेना.

अण्णा परतले तेव्हा ती स्वयंपाकघरात होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण ते बूट काढायला खाली वाकले, नाडीशी झटापट करत बसले, आणि हिचं धैर्य गळालं. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. म्हणजे सांगताना हात रिकामे नसतील. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं. खरं म्हणजे तिला त्यांच्या तोंडून ते 'स्वच्छ हात आहे तुझा' परत घेतलेलं ऐकवलं नसतं.

ऑफिसात तिनं बॉसबाईंची गाठ घेतली. बाई तिच्याहून थोड्याच मोठ्या, चलाख आणि सरळ. निळी चौकट परत आणायची, यादी कीबोर्डला उघडायची, बटण दाबल्यावर ठळक खूण द्यायची, घड्याळ काढायचं, असं सगळं तिनं मांडलं.

"मध्येच हे कुठून काढलंस?" बाईंनी विचारलं. "कुणाची तक्रार आली का?"

एवढीच वेळ होती खरं बोलायची. "नाही," सूनबाई म्हणाली. "कायदे कडक होतायत सगळीकडे. आधीच करून ठेवलेलं बरं."

"चौकट कर, यादी कर. पण घड्याळावर दुकानदार जीव टाकतात. तूच तर पटवलं होतंस आम्हाला."

"हो. मीच."

घड्याळाचा फैसला लांबणीवर पडला. बाकीच्या कामाला तिनं जुंपून घेतलं. वाटलं होतं त्याहून ते किचकट निघालं. पाया घालतानाच सोडलेल्या गोष्टी आता भिंती फोडून घालाव्या लागत होत्या. जेवायच्या सुट्टीतही ती माऊस खणात कोंडून काम करायची.

इकडे घरात अण्णांनी हत्यारं टाकली होती. एके दिवशी त्यांनी लॅपटॉप पुसला, वायरीसकट मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच वापर बाबा. माझ्या हातून काही धड होत नाही." नवऱ्यानं तो निमूट घेतला. सूनबाई तिथेच उभी होती. आत्ता बोल, असं तिचं मन तिला ढोसत होतं. ती भांडी लावत राहिली.

गॅलरीतल्या खोक्याला त्यांनी हात लावला नव्हता. ज्या गोष्टीवर घर हसलं ती अंगाला लावायची नाही, असा बाणा. त्यावर त्यांनी स्वतःपुरता एक तोडगा काढला होता आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. त्यांनी पाणी पिणं कमी केलं. सकाळचा अर्धा कप चहा पाव कपावर आणला. दुपारचा, "नको, जिभेला चव नाही," म्हणून बंद केला. ओठ सुकलेले तिला दिसत होते, पण हवेनं असतील अशी तिनं समजूत घातली. समजूत घालण्यात ती आताशा पटाईत झाली होती.

मग एका सकाळी ते बेसिनपाशी भोवळ येऊन पडले. डोकं थोडक्यात वाचलं, कोपर मात्र खरचटलं. डॉक्टर घरी आले, जीभ बघितली, नाडी बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली आणि म्हणाले, "पाणी किती पिता?" अण्णांनी बाही खाली ओढली. "एवढं कोरडं माणूस मी बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. का पीत नाही?"

"तहान लागत नाही," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे बघायला लागले. डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या सूनबाईला का ते लख्ख कळलं.

डॉक्टर गेले, नवरा औषधं आणायला गेला. ती पाण्याचा पेला घेऊन पलंगाशी बसली. त्यांनी पेला घेतला नाही.

"अण्णा, ते दुकान माझं आहे," ती म्हणाली.

"कुठलं दुकान?"

"तुम्ही पुडा मागवला ते. म्हणजे दुकान दुसऱ्याचं, पण साचा माझा. 'निर्मळ'. तुम्हाला दाखवला होता तो." मग तिनं सगळं सांगितलं, चौकटीचं, मुंगीएवढ्या आकड्याचं, घड्याळाचं. सांगताना तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. "तुमच्या हातांनी काही चुकलं नाही. मी करून बघितलं. मलाही जमलं नाही. जमण्यासारखं नाहीच ते."

त्यांनी तिच्याकडे मान वळवली. मग विचारलं, "हे तुला केव्हा कळलं?"

हा प्रश्न येईल हे तिला माहीत होतं, आणि तोच नको होता. "खोकं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे महिना होत आला."

"हो."

"आणि मी लॅपटॉप देऊन टाकला तेव्हा?"

"तेव्हा मला माहीत होतं."

अण्णा उठून बसायला लागले. तिनं आधार द्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. "ते हसलात त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "माणूस हसतो. साचा चुकला, तेही समजू शकतो. मीही एका शाळेचा जिना असा काढला होता की पोरांच्या डोक्याला तुळई लागायची. पण महिनाभर मी या हातांना शिव्या देत होतो गं. रोज. असले हात कशाला ठेवलेत, असं म्हणत होतो. आणि तू समोर वावरत होतीस."

तिला म्हणायचं होतं, दुरुस्त करून सांगणार होते. पण ते तोंडातून बाहेर काढायचीही तिला लाज वाटली. "माझी हिंमत झाली नाही," एवढंच ती म्हणाली.

"जा आता," ते म्हणाले. ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, "तो पेला इकडे दे."

त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलत. रागानं नाही, तुटकपणानं. पूर्वी संध्याकाळी ती आली की, "आज काय रेघोट्या मारल्यास?" असं विचारायचे, ते बंद झालं. खोकं मात्र त्यांनी मुलाकडून आत आणवून घेतलं, आपल्या कपाटाच्या खालच्या खणात पुडे लावून घेतले आणि पाणी प्यायला लागले. नवऱ्यानं तिला विचारलं, "तुमचं काय बिनसलंय?" तिनं त्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू काय मुद्दाम केलंस का?" त्यानं तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, पण तिला बरं वाटलं नाही.

ऑफिसात ती पुन्हा बॉसबाईंकडे गेली. "मागे मी तुम्हाला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "तक्रार होती. माझ्या सासऱ्यांची." काय मागवलं होतं ते तिनं सांगितलं नाही, ते सांगायचा हक्क तिचा नव्हता. तपासणीवाल्या सहकाऱ्यालाही तिनं बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर म्हणाली, "याचं त्या वेळी बरोबर होतं. मी हसण्यावारी नेलं." तो अवघडून छताकडे बघायला लागला. बाईंनी पेन टेबलावर आपटत विचार केला. घड्याळ पूर्ण काढायला त्या तयार झाल्या नाहीत. नव्या साच्यात ते बंद असेल, ज्याला हवं त्यानं चालू करावं, इथपर्यंत आल्या. सूनबाईला ते पुरेसं वाटलं नाही, आणि ते पुरेसं नव्हतंही.

साचा दुरुस्त झाला. पण जुनी दुकानं काही आपोआप सुधारत नाहीत, नवा साचा ज्याचा त्यानं चढवायचा असतो. तिनं दुकानदारांना फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन डायपरवाल्या दुकानालाच. दुकानदार गोडबोल्या होता. "बाई, आमचं चाललंय उत्तम. तो निळा डाग परत कशाला?"

"तुमचं गिऱ्हाईक कोण आहे?" तिनं विचारलं. "ज्यांचे हात थरथरतात, नजर अधू झालीय, तेच ना? आणि त्यांनाच तुमच्या दुकानात पाऊल टाकता येत नाही. ही चूक तुमची नाही, माझी आहे. मला ती निस्तरू द्या." मग तो म्हणाला, "करा." सगळेच असे निघाले नाहीत. बऱ्याच जणांनी बघू म्हटलं, आणि बघू म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी ती जेवायची पानं घेत असताना अण्णा दाराशी येऊन उभे राहिले.

"झालं का तुझं ते?"

"झालंय बरंचसं."

"बरंचसं म्हणजे?"

"त्या दुकानात झालंय. बाकीच्यांचं चाललंय. काही ऐकत नाहीत."

"मग त्यांच्या मागे लाग," ते म्हणाले. थोडं थांबून पुढे म्हणाले, "लॅपटॉप घेऊन ये."

तिनं नवऱ्याच्या टेबलावरून लॅपटॉप आणला, त्यांच्या टेबलावर ठेवला, नॅपकिनची घडी घालून दिली. दुकान उघडलं. अण्णांनी बोट टेकवलं. निळी चौकट पहिल्या फडताळाभोवती उमटली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. बोट थरथरत होतं, एकदा दोनदा जादाही दाबलं गेलं, पण कुठे आहोत ते दिसत होतं, त्यामुळे ते मागे येऊन परत नीट जात होते. सूनबाई खुर्चीमागे उभी होती. त्यांनी काही म्हणावं अशी तिची आशा होती. चांगलं नाही, तर नुसतं 'हं' तरी.

पडद्यावर ते एका यादीपाशी आले आणि थांबले. बोट उचललं.

"आता तू बाहेर जा," ते म्हणाले.

"हो, अण्णा," ती म्हणाली आणि बाहेर आली. दार तिनं अलगद ओढून घेतलं. आतून बटणांचा आवाज येत होता, मध्येच थांबत, मध्येच दोनदा. नवऱ्यानं जेवणाच्या टेबलापाशी येऊन विचारलं, "अण्णा काय करतायत आत?"

"त्यांचं काम आहे," ती म्हणाली. "थांबू आपण जेवायला."